विजयदुर्गाचा सूर्यवेधी साहेब

खास प्रतिनिधी, ठाणे

ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतील असंख्य कुटुंबांचे मूळ गाव रत्नागिरी किंवा सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. गणपतीला, शिमग्याला किंवा मे महिन्याच्या सुटीत ही मंडळी गावी गेली, की देवगड तालुक्यातील विजयदुर्ग किल्ल्याला एक फेरी होतेच. तिहेरी तटबंदी, समुद्राच्या पाण्यात दडलेली भिंत आणि मराठ्यांच्या आरमाराच्या कथा यांच्याबरोबरच तेथे येणाऱ्यांना काही दगडी चौथरे आवर्जून दाखवले जातात. त्यांना साहेबाचे ओटे असे नाव आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजी झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी एका इंग्रज साहेबाने याच ओट्यांवर दुर्बीण रोखली आणि हेलियम वायूचा शोध लावला, अशी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. अलीकडच्या काळात १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिनही साजरा होऊ लागला आहे.

या कथेतील साहेब खरा आहे, ग्रहण खरे आहे आणि हेलियमही खरा आहे. तिघांची सांगड मात्र चुकीची घातली गेली आहे. सर जोसेफ नॉर्मन लॉकियर हे त्या साहेबाचे नाव. १८६८च्या ग्रहणाच्या दिवशी ते विजयदुर्गापासून हजारो मैल दूर, इंग्लंडमध्ये होते. विजयदुर्गावर ते आले ते १८९८ च्या जानेवारीत, दुसऱ्या एका खग्रास ग्रहणासाठी. मधल्या ३० वर्षांत या माणसाने सूर्याच्या प्रकाशातून एका अज्ञात द्रव्याची चाहूल घेतली, विद्वानांचा अविश्वास सोसला आणि अखेर स्वतःचे म्हणणे खरे ठरलेले पाहिले. लोककथेपेक्षा ही हकिकत अधिक विलक्षण आहे.

तप्त वस्तूंचा प्रकाश

लॉकियर यांचे काम समजून घ्यायचे तर तापलेल्या वस्तूचा प्रकाश काय सांगतो, हे आधी पाहावे लागते. लोहाराच्या भट्टीत तापणारे लोखंड सर्वांच्या परिचयाचे आहे. ते सुमारे पाचशे अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की अंधारात मंद लाल दिसू लागते. उष्णता वाढवत नेली की ते लालभडक, मग नारिंगी, पिवळे आणि शेवटी डोळे दिपवणारे पांढुरके होते. कळवा-दिघा पट्ट्यातील पोलाद कारखान्यांत भट्टीपुढे राबलेल्या जुन्या कामगारांना धातूच्या रंगावरूनच तापमानाचा अंदाज बांधता येत असे. हा रंग लोखंडाचा नसतो, तो उष्णतेचा असतो. त्याच तापमानाला आणलेली वीट किंवा कोळसाही जवळजवळ तसाच प्रकाश देतो. घराघरांतून आता हद्दपार होत चाललेल्या जुन्या विजेच्या दिव्यातील तार सुमारे अडीच हजार अंशांना तापून पिवळसर उजेड देत असे. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांच्या आसपास आहे, म्हणून त्याचा प्रकाश पांढरा.

अशा प्रकाशाचा किरण काचेच्या लोलकातून सोडला तर तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंगांचा सलग पट्टा मिळतो. विरळ वायू तापवला तर मात्र वेगळाच प्रकार घडतो. सलग पट्ट्याऐवजी काळोखात मोजक्याच रंगीत रेषा चमकतात आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषांच्या जागा ठरलेल्या असतात. शेगडीच्या ज्योतीत मिठाचा कण पडला की ती एकदम पिवळी होते, ती मिठातील सोडियममुळे. ठाणे आणि डोंबिवलीच्या रस्त्यांवर एलईडी येण्यापूर्वी जे पिवळे दिवे होते, त्यांच्या रंगाचे मूळही सोडियमच. जर्मनीतील हायडेलबर्ग येथे किरखॉफ आणि बुन्सेन या शास्त्रज्ञांनी १८५९ आणि १८६० या वर्षांत ही गोष्ट पक्की केली. तोच वायू जर अधिक तप्त वस्तूच्या पुढे असेल, तर तो आपल्याच रेषांचा प्रकाश गिळतो आणि सलग पट्ट्यात त्या जागी काळ्या रेषा उमटतात, हेही त्यांनी दाखवून दिले. सूर्याच्या वर्णपटातील शेकडो काळ्या रेषांचे कोडे त्यामुळे सुटले. सूर्यावर न जाता सूर्य कशाचा बनला आहे, हे सांगता येऊ लागले.

युद्धखात्यातील कारकून

या नव्या विद्येने झपाटलेल्यांत लॉकियर अग्रभागी होते. पण ते शास्त्रज्ञ म्हणून कुठल्याही विद्यापीठात शिकलेले नव्हते. १७ मे १८३६ रोजी इंग्लंडमधील रग्बी या गावी त्यांचा जन्म झाला. वडील वैद्यकी करीत आणि त्यांना विज्ञानाची आवड होती. आईचे छत्र लहानपणीच हरपले. १८५७ मध्ये लॉकियर लंडनला युद्धखात्यात कारकून म्हणून रुजू झाले. पुढच्याच वर्षी विनिफ्रेड जेम्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. विनिफ्रेड स्वतः व्यासंगी होत्या; फ्रेंच विज्ञानग्रंथांचे इंग्रजी अनुवाद त्यांनी केले.

दिवसा कचेरीतील फायली आणि रात्री आकाश, असा लॉकियर यांचा दिनक्रम सुरू झाला. विम्बल्डन येथील राहत्या घराच्या बागेत त्यांनी सव्वासहा इंची दुर्बीण उभारली. १८६२ मध्ये त्यांनी मंगळाची काळजीपूर्वक निरीक्षणे केली आणि जाणकारांचे लक्ष त्यांच्याकडे वळले. त्यानंतर त्यांनी दुर्बिणीला एक छोटा वर्णपटदर्शक जोडला आणि सूर्याच्या डागांचा प्रकाश तपासण्यास सुरुवात केली.

खग्रास ग्रहणात चंद्राने सूर्यबिंब झाकले की त्याच्या कडेला तांबड्या ज्वाळा दिसतात. त्या सूर्याच्या की चंद्राच्या, हा वाद १८६० च्या ग्रहणापर्यंत रंगला होता. त्या सूर्याच्याच हे ठरल्यावर पुढचा प्रश्न आला, तो त्या कशाच्या बनल्या आहेत हा. ग्रहण दोन-चार मिनिटांचे; त्यासाठी जगाच्या दुसऱ्या टोकाला जावे लागे आणि ऐनवेळी ढग आला की सर्व खटाटोप वाया जाई. लॉकियर यांना १८६६ मध्ये वाटू लागले, की ग्रहणाची वाट पाहण्याची गरजच नसावी. या ज्वाळा तप्त वायूच्या असतील तर त्यांचा प्रकाश दोन-चार रेषांतच एकवटलेला असणार. आकाशात पसरलेला सूर्याचा उजेड मात्र सलग पट्ट्याचा. शक्तिशाली वर्णपटदर्शकाने तो पट्टा लांबच लांब ताणला तर तो फिका पडेल आणि रेषा होत्या तितक्याच तेजस्वी राहून उठून दिसतील. तर्क बिनतोड होता. अडचण उपकरणाची होती. लंडनच्या रॉयल सोसायटीने पैसे मंजूर केले, पण उपकरण तयार होण्यास दीर्घ विलंब लागला.

गुंटूर आणि लंडन

तेवढ्यात १८ ऑगस्ट १८६८ उजाडला. चंद्राची सावली अरबी समुद्रावरून दक्षिण कोकणात उतरली आणि विजापूर, गुंटूर या बाजूने बंगालच्या उपसागराकडे गेली. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल, गुंटूरला मेजर टेनंट आणि फ्रान्सहून आलेले पिएर जान्सेन, मच्छलीपट्टणमला मद्रास वेधशाळेचे पॉगसन असे निरीक्षक ठिकठिकाणी सज्ज होते. वर्णपटदर्शकातून पाहणाऱ्यांना सूर्यज्वाळांच्या जागी चमकत्या रेषा दिसल्या. ज्वाळा तप्त वायूच्या आहेत आणि त्यात मुख्यतः हायड्रोजन आहे, हे त्यावरून सिद्ध झाले. एक पिवळी रेषाही दिसली. ती सोडियमची असावी, असा बहुतेकांचा समज झाला.

जान्सेन यांना त्या रेषा इतक्या प्रखर दिसल्या, की ग्रहणाशिवायही त्या दिसतील असे त्यांच्या मनाने घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सूर्याच्या कडेवर उपकरण रोखले आणि त्या पुन्हा दिसल्या. इकडे लंडनमध्ये लॉकियर यांच्या हाती नवे उपकरण पडले ते १६ ऑक्टोबरला. चारच दिवसांनी, २० ऑक्टोबर १८६८ रोजी, लंडनच्या आकाशातील नेहमीच्या सूर्यावर त्यांना त्या रेषा दिसल्या. जान्सेन यांचे पत्र समुद्रमार्गे येत होते. दोघांचेही वृत्त पॅरिसच्या विज्ञान अकादमीत २६ ऑक्टोबरला एकाच बैठकीत वाचले गेले. फ्रेंच सरकारने १८७२ मध्ये दोघांच्या प्रतिमा एकत्र कोरलेले पदक काढले. शोधाच्या अग्रहक्कावरून कडाक्याची भांडणे होण्याच्या त्या काळात हे दोघे मात्र आयुष्यभराचे मित्र झाले.

लॉकियर यांनी पुढे जे केले त्यात त्यांचे वेगळेपण आहे. त्यांनी पिवळ्या रेषेची जागा बारकाईने मोजली. सोडियमच्या दोन रेषा ५८९ नॅनोमीटरच्या आसपास येतात. ही रेषा त्यांच्यापासून किंचित हिरव्या बाजूला, आजच्या मोजमापानुसार ५८७.६ नॅनोमीटरवर होती. फरक एवढासाच, पण प्रयोगशाळेत तापवलेल्या कोणत्याही पदार्थाची रेषा त्या जागी बसत नव्हती. रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांच्यासह लॉकियर यांनी हायड्रोजनवर निरनिराळ्या दाबांखाली प्रयोग केले, तरी ती रेषा उमटेना. तेव्हा हे सूर्यावरचे, पृथ्वीवर न आढळलेले मूलद्रव्य असले पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. सूर्याच्या हेलिऑस या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हटले जाऊ लागले. सूर्याच्या ज्या पातळ, रंगीत आवरणातून या ज्वाळा उसळतात, त्याचे क्रोमोस्फिअर हे नावही लॉकियर यांनीच दिले.

अविश्वासाची सत्तावीस वर्षे

हातात न आलेल्या, कुपीत न भरलेल्या पदार्थाला मूलद्रव्य मानण्यास रसायनशास्त्रज्ञ तयार नव्हते. खुद्द फ्रँकलंडही साशंक राहिले. एका रेषेवर एवढी मोठी इमारत उभी करणे त्यांना धाडसाचे वाटत होते. त्यांचा आक्षेप अगदीच गैरवाजवी म्हणता येणार नाही. आकाशातील अनोळखी रेषांवरून नवी मूलद्रव्ये कल्पिण्याची पुढे लाटच आली आणि त्यातील बहुतेक खोटी ठरली.

लॉकियर स्वस्थ बसणारे नव्हते. ४ नोव्हेंबर १८६९ रोजी त्यांनी 'नेचर' हे विज्ञान साप्ताहिक सुरू केले आणि पुढे ५० वर्षे त्याचे संपादन केले. आज हे नियतकालिक जगातील अग्रगण्य विज्ञानपत्रिकांत गणले जाते. साउथ केन्सिंग्टन येथील सौर वेधशाळेची धुरा त्यांनी सांभाळली, विद्यार्थी घडवले. ग्रहणांचा पाठलाग तर त्यांच्या अंगातच भिनला होता. १८७० मध्ये सिसिलीला जाताना त्यांचे जहाज खडकावर आदळले आणि प्रत्यक्ष ग्रहणात ढगांनी घात केला. पुढच्याच वर्षी, १२ डिसेंबर १८७१ च्या ग्रहणासाठी ते प्रथमच भारतात आले. मलबार किनाऱ्यावरील बेकल किल्ल्यात त्यांनी मुक्काम केला होता.

मार्च १८९५ मध्ये या प्रतीक्षेचा अंत झाला. लंडनमध्ये विल्यम रॅम्झी हे रसायनशास्त्रज्ञ आर्गॉन वायूच्या शोधात क्लेव्हाइट नावाच्या युरेनियमयुक्त खनिजाची चाचणी करीत होते. खनिजातून निघालेल्या वायूत विजेची ठिणगी पाडताच वर्णपटात एक तेजस्वी पिवळी रेषा उमटली. ती सोडियमची नव्हती. विल्यम क्रुक्स यांनी मोजणी करून ती सूर्यावरचीच रेषा असल्याचा निर्वाळा दिला. सत्तावीस वर्षांपूर्वी सूर्याच्या कडेवर पाहिलेला प्रकाश लॉकियर यांनी प्रयोगशाळेतील नळीत पाहिला. तेव्हा ते एकोणसाठीत पोहोचत होते. १८९७ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली.

दोन मिनिटांचा मुक्काम

याच पार्श्वभूमीवर २२ जानेवारी १८९८ चे ग्रहण आले. या वेळी चंद्राची सावली कोकण किनाऱ्यावरून ईशान्येकडे महाराष्ट्र चिरत जाणार होती. ठाणे आणि कल्याण परिसरात ग्रहण खंडग्रासच होते; मात्र त्याच्या तयारीत या परिसरातील लोहमार्गाला महत्त्व आले. मुंबई बंदरातून निघालेली रेल्वे कल्याणला दुभंगते. एक फाटा बोरघाटातून पुणे आणि पुढे सोलापूर जिल्ह्यातील जेऊरकडे जातो, दुसरा थळघाटातून वऱ्हाडातील तळणी आणि वर्ध्याजवळच्या पुलगावकडे. या तिन्ही ठिकाणी दुर्बिणींच्या छावण्या पडल्या. मुंबई इलाखा प्लेगच्या साथीने हैराण झाला असतानाचा हा काळ होता.

जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल होते आणि पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला हेही होते. नायगमवालांचा उल्लेख लॉकियर यांच्या चरित्रात अनिवार्य आहे. मृग नक्षत्रातील तेजोमेघाच्या वर्णपटात जी प्रमुख रेषा दिसते, ती मॅग्नेशियमच्या पट्ट्याचा अवशेष आहे, असे लॉकियर ठामपणे मांडत असत. पुण्यातील आपल्या दुर्बिणीतून निरीक्षणे करून नायगमवाला यांनी १८९१ च्या सुमारास दाखवून दिले, की ती रेषा नेहमीच रेखीव असते. पट्ट्याचा अवशेष असती तर ती तशी दिसली नसती. लॉकियर येथे चुकले होते. ती रेषा दुहेरी आयनीभूत ऑक्सिजनची असल्याचे १९२७ मध्ये स्पष्ट झाले.

स्वतः लॉकियर यांनी मात्र विजयदुर्ग निवडला. इंग्रजी आरमाराची मेल्पोमेनी ही युद्धनौका त्यांच्या दिमतीला होती. तिच्यावरील अधिकारी आणि खलाशी स्वयंसेवक म्हणून पुढे आले. नौकेचे कप्तान चिशोम-बॅटन आणि कलकत्त्याचे प्राध्यापक पेडलर हे त्यांचे सहकारी होते. जड दुर्बिणी आणि लोलक बसवलेले कॅमेरे हलू नयेत म्हणून पक्क्या चौथऱ्यांची गरज असते. किल्ल्यावरचे साहेबाचे ओटे या गरजेची साक्ष देतात. कोणी काय करायचे याची रंगीत तालीम पुन्हा पुन्हा झाली. कारण खग्रास अवस्था दोन मिनिटांच्या आसपासचीच होती.

त्या दुपारी आकाश निरभ्र राहिले. सूर्यबिंब पूर्ण झाकले जाण्याच्या आणि पुन्हा प्रकट होण्याच्या क्षणी, निमिषभरासाठी, सूर्याच्या रंगावरणाच्या रेषा एकदम उजळतात. तो वर्णपट कॅमेऱ्यांनी टिपला. हेलियमचा शोध लावण्यासाठी लॉकियर तेथे आले नव्हते. सूर्याच्या निरनिराळ्या थरांत किती उष्णता आहे आणि त्या उष्णतेत द्रव्याचे काय होते, हा प्रश्न घेऊन ते आले होते.

उत्तर कलकत्त्याहून

हा प्रश्न त्यांच्या अर्ध्या आयुष्याला व्यापून उरला होता. एकच मूलद्रव्य ज्योतीत तापवले तर काही रेषा देते. विजेच्या प्रखर ठिणगीत त्यातील काही रेषा फिक्या होतात आणि वेगळ्याच रेषा तेजाळतात. अधिक तप्त ताऱ्यांतही हेच दिसते. यावरून लॉकियर यांनी असा सिद्धान्त मांडला, की प्रचंड उष्णतेत मूलद्रव्येही फुटतात आणि अधिक साध्या घटकांत विभागली जातात. अणू अविभाज्य मानला जाण्याच्या त्या काळात हे पाखंडच होते. त्यांच्यावर टीका झाली, उपहासही झाला. सिद्धान्त गणिताने मांडण्याची साधने त्यांच्यापाशी नव्हती आणि आपले मत रेटून धरण्याच्या स्वभावामुळे त्यांनी विरोधकही पुष्कळ निर्माण केले होते.

निवृत्तीनंतर ते डेव्हन परगण्यातील सिडमथजवळ राहायला गेले. तेथील टेकडीवर त्यांनी १९१२ मध्ये नवी वेधशाळा उभारली. १६ ऑगस्ट १९२० रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, तेथेच त्यांचे निधन झाले.

त्याच वर्षी कलकत्त्याच्या मेघनाद साहा या २६ वर्षांच्या भारतीय शास्त्रज्ञाचा निबंध इंग्लंडमधील एका नियतकालिकात प्रसिद्ध झाला. उष्णता वाढली आणि दाब कमी असला, की अणूतील इलेक्ट्रॉन निसटतो आणि उरलेला आयन वेगळ्या रेषा देतो, हे साहांनी समीकरणाने दाखवले. लॉकियर यांना दिसलेल्या त्या वेगळ्या रेषा म्हणजे याच आयनांचा प्रकाश. अणू फुटून साधी मूलद्रव्ये होतात हे लॉकियर यांचे म्हणणे चुकीचे ठरले. पण उष्णतेने अणूचा एक भाग सुटतो आणि तारा किती तप्त आहे हे त्याच्या रेषांवरून कळते, ही त्यांची मूळ दृष्टी बरोबर होती. साहांनी त्यानंतर लंडनमध्ये आल्फ्रेड फाउलर यांच्या प्रयोगशाळेत काही काळ काम केले. हे फाउलर एकेकाळचे लॉकियर यांचे सहायक.

हेलियमच्या वाट्याला पुढे आणखी एक चमत्कारिक कामगिरी आली. हजारो अंशांच्या उष्णतेत प्रथम दिसलेला हा वायू उणे २६९ अंशांना द्रवरूप होतो. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या रुग्णालयांतील एमआरआय यंत्रांचे चुंबक थंड ठेवण्यासाठी हाच द्रव हेलियम वापरतात. सूर्याच्या आगीत सापडलेले द्रव्य शीतलता देण्याच्या कामी आले.

विजयदुर्गाच्या ओट्यांचे महत्त्व सालाच्या दुरुस्तीने उणावत नाही. १८६८ मध्ये लॉकियर तेथे असते तर ग्रहण पाहणाऱ्या अनेकांपैकी एक ठरले असते. ते लंडनमध्ये होते आणि ग्रहणाविना त्यांनी ती रेषा पाहिली, म्हणूनच त्यानंतर सूर्याच्या कडेवरील ज्वाळा कोणत्याही निरभ्र दिवशी अभ्यासता येऊ लागल्या. कीर्ती पदरी पडल्यावरही हा ६१ वर्षांचा माणूस दोन मिनिटांच्या अंधारासाठी समुद्र ओलांडून कोकणात आला, कारण तप्त सूर्याच्या प्रकाशात वाचायचे अजून पुष्कळ बाकी आहे, हे त्याला ठाऊक होते. पुढच्या सुटीत मुलांना घेऊन किल्ल्यावर जाणाऱ्यांनी ओट्यांपाशी हीच गोष्ट सांगावी. ती खरीही आहे आणि अधिक मोठीही.